धुळ्याचा सर्व्हर

मी पुन्हा कामावर जाते म्हणाले, तेव्हा नवरा ताटावरून उठला, हात धुऊन आला आणि परत ताटावर येऊन बसला. त्यांचं जेवण झालेलं नव्हतं. त्यांना ते आठवलं तेव्हा त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवून दिला.

"एवढी काय घाई आहे?" ते म्हणाले.

"सरांचा फोन आला होता. सगळे सर्व्हर तपासायचेत."

"दुसरं कोणी नाही का?"

सासूबाई चुलीजवळ बसल्यासारख्या गॅसजवळ पाट घेऊन बसल्या होत्या. त्यांना ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक करायची सवय नव्हती. त्या म्हणाल्या, "जाऊ दे तिले. घरी बसून काय करीन ती? दिवसभर कूलरकडे पाहत बसते."

ते खरं होतं. दीपनगरच्या कॉलनीतलं आमचं क्वार्टर, खिडकीत बसवलेला कूलर, आणि त्याच्यासमोर मी. नवरा विद्युत केंद्रात पाळीवर जायचा, यायचा, झोपायचा. मी कूलरच्या जाळीतून पाणी झिरपताना बघत बसायचे. मला वाईट वाटत नव्हतं. लोकांना वाटायचं की मी आतल्या आत कुढते आहे, पण आत काही नव्हतंच.

सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं होतं. पहिलं बाळंतपण म्हणून ओटी भरून मला धुळ्याला, माहेरी नेलं होतं. एके दिवशी दुपारी लक्षात आलं की सकाळपासून पोटात हालचाल नाही. दवाखान्यात फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, डाव्या कुशीवर झोपा, काहीतरी गोड खा, आणि संध्याकाळपर्यंत वाट बघा. आईने शिरा केला. मी तो खाल्ला आणि डाव्या कुशीवर झोपले. संध्याकाळी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी पोटावर मशीन फिरवलं, आणि पडदा हळूच माझ्या बाजूने स्वतःकडे वळवून घेतला. तेवढ्यावरून मला कळलं. नाळेला पीळ बसला होता. सकाळी आला असतात तरी फरक पडला नसता, असं त्या नंतर दोनदा म्हणाल्या. मी पहिल्या वेळीच मान डोलावली होती.

मुलगी होती. आई म्हणाली, बघू नको, बघितलंस तर जन्मभर डोळ्यांसमोर राहील. मी भिंतीकडे तोंड केलं. नवरा भुसावळहून येऊन पोचला होता. ते आणि माझे वडील तिला घेऊन गेले. कुठे नेलं ते मी विचारलं नाही.

मग दीपनगरला परत आले. फैजपूरच्या बाजूला सासूबाईंचं गाव आहे. केळीची तोड चालू असताना ती धाकट्या मुलावर सोपवून त्या माझ्यासाठी येऊन राहिल्या. त्यांनी माझं पोट बांधलं, डोक्याला तेल लावलं, आणि एकही प्रश्न विचारला नाही. आठवड्याच्या आत मला दूध आलं. असं होईल हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी ते बंद व्हायच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून छाती घट्ट बांधली आणि म्हणाल्या, "दुखीन दोन दिवस. मंग थांबीन." ते थांबलं.

आमचं ऑफिस जळगावला आहे, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही मोजकीच माणसं. ज्या संस्थांना स्वतःचा संगणकवाला ठेवणं परवडत नाही, त्यांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो. पतसंस्था, कॉलेजं, दवाखाने, एक दूध संघ. काही जळगावात, काही धुळ्याकडे. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी छोटं कुलूप दिसतं, त्या कुलपाचं काम माझ्याकडे. तुम्ही लिहिलेलं वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून ते सांकेतिक करून पाठवणारं सॉफ्टवेअर असतं. ते वेळच्या वेळी नवं करावं लागतं. जुनं राहिलं तर त्यात सापडलेल्या चुका तशाच राहतात, आणि त्या चुका सगळ्या जगाला माहीत झालेल्या असतात.

त्या उन्हाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेची माहिती बाहेर गेली. त्यांचं कुलूप कित्येक वर्षं जुनं होतं. ती बातमी आल्यावर आमच्याकडच्या सगळ्या संस्था घाबरल्या आणि सरांना फोन करू लागल्या, की आमचं बघा, आमचं बघा. मग सरांनी मला फोन केला.

"तुम्हाला आत्ता त्रास द्यायचा नव्हता. पण हे काम दुसऱ्या कोणाला…"

"मी येते, सर."

"घरून केलंत तरी चालेल."

"नको. मी येते."

पहिल्या दिवशी ऑफिसात सगळे माझ्याशी हलक्या आवाजात बोलत होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने माझी पाण्याची बाटली भरून ठेवली होती. तिचं लग्न ठरलं होतं. मी सुट्टीवर गेले तेव्हा ती माझ्या पोटाला हात लावून "येताना पेढे घेऊन या, ताई" म्हणाली होती. ते तिला आठवत असावं. ती माझ्याकडे न बघता बोलायची. मला तिला सांगावंसं वाटलं की बघ, काही होत नाही. पण ते सांगायलासुद्धा थोडी ताकद लागते.

काम मात्र जमलं. तपासणीला मनाची गरज नसते, ही त्यातली चांगली गोष्ट. सर्व्हरला एक छोटा निरोप पाठवायचा: तू जागा आहेस का? असशील तर हा शब्द मला परत पाठव. चांगलं सॉफ्टवेअर तेवढाच शब्द परत पाठवतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक चूक होती. शब्द एवढासा पाठवायचा आणि सांगायचं की शब्द पुष्कळ लांब आहे, तेवढा सगळा परत दे. ते न मोजता देत राहायचं. शब्द संपला की पुढे स्वतःच्या स्मरणात त्या क्षणी जे काही पडलेलं असेल ते द्यायचं. कोणाचा पासवर्ड, कोणाचा पत्ता, कोणी नुकतंच लिहिलेलं काहीही. ही चूक जुनी होती, तिची दुरुस्तीही जुनी होती. फक्त ज्यांनी दुरुस्ती करून घेतली नव्हती त्यांच्याकडे ती अजून होती.

मी एकेक सर्व्हर घेत गेले. निरोप पाठवायचा, उत्तर बघायचं, ठीक असेल तर पुढचा. एका पतसंस्थेचं जुनं निघालं, ते त्यांना सांगून तिथल्या तिथे बदललं. एका कॉलेजचा सर्व्हर बंदच होता, परीक्षा संपल्यावर कोणीतरी बटण बंद करून गावाला गेलं होतं. डबा खाल्ला की नाही ते आता आठवत नाही. संध्याकाळी बसने भुसावळला, तिथून दीपनगरला. सासूबाई विचारायच्या, "भूक लागली का?" मी हो म्हणायचे. त्या वाढायच्या आणि मी खायचे. ताटात काय आहे ते त्यांनी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

पुढे धुळ्याचा तो दवाखाना आला. माझाच. तो आमच्याकडे आहे हे मला माहीत होतं. खरं तर मी तिथे नाव घातलं तेही त्यामुळेच, ओळखीचा वाटला म्हणून. दुपारची वेळ होती. भांड्यांच्या दुकानात कोणीतरी पातेल्यांची चळत उतरवत होतं, त्याचा आवाज वर येत होता. मी निरोप पाठवला.

उत्तर आलं ते लांबच्या लांब. म्हणजे जुनं होतं. आमचं साधन अशा वेळी पुरावा म्हणून आलेल्या मजकुरातला थोडासा भाग पडद्यावर दाखवतं. तो वाचायचा नसतो. खूण करायची आणि बंद करायचं, एवढंच. त्यात बहुतेक सगळा कचराच असतो, ठिपके आणि तुटकी अक्षरं. मराठीत लिहिलेलं तर त्यात दिसतच नाही, त्याचेही ठिपके होतात. पण दवाखान्याच्या ॲपवर कोणीतरी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, जसं आपण सगळे फोनवर घाईत लिहितो. ठिपक्यांच्या मध्ये ती ओळ सरळ वाचता येत होती.

मॅडम सकाळपासून बाळ हालत नाहीये, येऊ का थांबू

नाव नव्हतं. नंबर नव्हता. आधी ठिपके, नंतर ठिपके.

मी ती ओळ परत वाचली. छातीत धस्स झालं वगैरे काही नाही. फक्त शिरा आठवला, त्यातली वेलची. मग मी दवाखान्याला फोन लावला.

"बोला," पलीकडची बाई म्हणाली. तीच होती की दुसरी, ते मला आवाजावरून कळलं नाही.

"तुमच्या ॲपवर एका पेशंटचा मेसेज आलाय. बाळ हालत नाहीये म्हणून. कोणी पाहिलाय का तो?"

"पेशंटचं नाव?"

"नाव मला माहीत नाही."

"मग तुम्ही कोण?"

"जळगावहून बोलतेय. तुमचा सर्व्हर आम्ही बघतो."

"सर्व्हरचं असेल तर ऑफिसला लावून देते." आणि तिने लावून दिलं.

ऑफिसात दवाखान्याचे व्यवस्थापक होते. मी पुन्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक मिनिट. आमच्या पेशंटचा मेसेज तुम्हाला कसा दिसला?"

"ते मी नंतर सांगते. आधी मेसेज बघा."

"नाही, पण तुम्ही आमचे मेसेज वाचता का?"

"सर, तिला आत्ता बोलवा," मी म्हटलं. माझा आवाज चढला नव्हता. शेजारची मुलगी मात्र खुर्ची फिरवून माझ्याकडे बघू लागली. "तिला थांबा म्हणू नका. गोड खा म्हणू नका. बोलवून घ्या."

त्यांनी कोणाला तरी हाक मारली. फोन हातातून हातात गेला आणि एक वेगळा, जरा जाड आवाज आला. "वॉर्डातून सिस्टर बोलतेय. काय लिहिलंय नक्की?"

मी ती ओळ वाचून दाखवली.

"कुठे येतात हे मेसेज? ॲपचे ना? ते दुपारी कोणी उघडत नाही हो. थांबा, मी बघते." कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज आला. मग ती स्वतःशीच म्हणाली, "सापडला." आणि मला म्हणाली, "लावते तिला फोन. ठेवा तुम्ही."

मी फोन ठेवला आणि पुढचा सर्व्हर घेतला. तो दूध संघाचा होता. तो ठीक होता.

तासाभराने सरांनी मला आत बोलावलं. व्यवस्थापकांचा त्यांना फोन आला होता. सर टेबलावरचं काचेचं वजन इकडचं तिकडे करत होते.

"ते फार चिडलेत. म्हणतात, तुमची माणसं आमच्या पेशंटची खाजगी माहिती वाचतात."

"मला जे दिसलं ते जगात कोणालाही दिसलं असतं, सर. दार उघडं आहे त्यांचं."

"ते मी सांगितलं त्यांना. तरी नियम म्हणून तुम्ही आधी मला सांगायला हवं होतं."

"हो."

"का नाही सांगितलंत?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम त्यांच्या काहीतरी लक्षात आल्यासारखं झालं. ते वजन त्यांनी जागेवर ठेवलं. "ठीक आहे. मी बोलतो त्यांच्याशी. पण तो सर्व्हर इथून बदलता येणार नाही, फार जुना आहे. कोणालातरी जावं लागेल. मी दुसऱ्या कोणाला…"

"मीच जाते."

हाच तो दवाखाना, हे मी त्यांना सांगितलं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "मी येतो बरोबर." मी म्हटलं, तुमची पाळी आहे. ते म्हणाले, बदलून घेतो. मी नको म्हटलं. सासूबाईंनी डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि मी निघताना दारात येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "उन्हाचं डोकं झाकून घेजो," म्हणाल्या.

बस एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याला गेली. खिडकीतून गरम वारा येत होता. माहेरी मी काही कळवलं नव्हतं.

दवाखान्याच्या दारात तोच गुलमोहर होता आणि त्याखाली त्याच चपलांचा ढीग. व्यवस्थापक सौजन्याने वागले, जरा जास्तच. मला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेले. तिथे एका बाजूला धुतलेल्या चादरी रचलेल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला सर्व्हर, त्याच्यावर टेबल फॅन सोडलेला आणि वर भिंतीत एक जुना एसी. पलीकडे बाळंतिणींचा वॉर्ड. मधलं दार उघडं होतं, मध्येच एखादं पोर रडायचं. व्यवस्थापकांनी ते दार पुढे लोटलं. त्यांनाही काही माहीत नव्हतं, थंड हवा जाऊ नये म्हणून लोटलं.

काम सुरू करायच्या आधी मी सांगितलं की दोन-तीन तास नावनोंदणी बंद राहील. ओपीडीबाहेर बायका बाकांवर बसलेल्या होत्या. त्यांना सांगितल्यावर एक म्हातारी उठून माझ्याकडेच आली. "बठ्ठं बंद शे का, ताई?" सगळंच बंद का, असं ती अहिराणीत विचारत होती. तिच्याबरोबर तिची सून होती, पोट खूप पुढे आलेली. मी म्हटलं, डॉक्टर तपासतील, फक्त नाव कागदावर लिहून घेतील. म्हातारी समाधानाने परत जाऊन बसली आणि सुनेच्या पाठीवर पंख्याने वारा घालू लागली.

आधी सगळ्याची प्रत काढून ठेवली. मग जुनं सॉफ्टवेअर काढून नवं घालायला घेतलं. जुन्या कुलपाच्या किल्ल्या आता कोणाकडे गेल्या असतील सांगता येत नाही, म्हणून त्या टाकून नव्या करायच्या होत्या, आणि दवाखान्यातल्या प्रत्येकाचा पासवर्ड बदलायचा होता. डॉक्टरबाई तपासणीच्या मधून येऊन बदलून गेल्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी मान वर केली नव्हती.

शेवटी वॉर्डातली सिस्टर आली. साठीकडे झुकलेली, अंगाने भरलेली, चष्मा नाकावर घसरलेला. बोलू लागली तेव्हा फोनवरचा आवाज मी ओळखला.

"तुम्हीच ना त्या जळगावच्या?"

"हो."

"आली होती हो ती मुलगी. अर्ध्या तासात आली, नवऱ्याच्या गाडीवर. सगळं व्यवस्थित होतं. बाळ झोपलं होतं नुसतं." ती हसली. "ठोके ऐकवले तिला. ऐकून हसायलाच लागली वेडी, आणि मग रडायला. नवरा तिच्याहून जास्त रडत होता."

"बरं झालं," मी म्हटलं.

मला बरं वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं. पडद्यावर नव्या सॉफ्टवेअरच्या ओळी वर सरकत होत्या, त्या मी बघत राहिले. त्या मुलीचा मला रागही आला नाही. तिचं बाळ झोपलं होतं, तेवढंच.

सिस्टर नवा पासवर्ड टाकायला वाकली आणि मग तशीच थांबली. माझ्याकडे बघत होती. चष्मा वर केला.

"तुम्ही इथे होतात," ती म्हणाली. "उन्हाळा लागला तेव्हा. कोपऱ्यातल्या खोलीत."

"हो."

तिने हातातलं काम सोडलं. चादरींच्या गठ्ठ्याजवळ एक स्टूल होतं, ते ओढून माझ्यासमोर बसली. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली. मग मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही होतात का?"

"मीच होते. मीच पुसून दिलं तिला. गुंडाळून तुमच्या मालकांच्या हातात दिलं."

"मी पाहिलं नव्हतं."

"तुमच्या आई नको म्हणाल्या. पुष्कळ जणी नाही बघत."

मी विचारणार आहे हे मला माहीत नव्हतं. तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर कळलं. "कशी होती?"

सिस्टर आठवत होती, उगाच काहीतरी सांगायचं म्हणून सांगत नव्हती.

"केस होते डोक्यावर," ती म्हणाली. "चांगले दाट. एवढ्या लवकरच्या मुलांना एवढे नसतात. आणि हाताची बोटं लांब होती. तुमच्यासारखी." तिने कळांवर ठेवलेल्या माझ्या हाताकडे बोट दाखवलं. "कपाळावर जरा आठी होती. रागावल्यासारखी."

"रागावल्यासारखी?"

"हो. झोपमोड झाल्यासारखी."

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होत होता, त्याचा पंखा आधी जोरात फिरला आणि मग संथ झाला. सिस्टरने आयाला सांगून चहा मागवला. आम्ही दोघी तो बशीतून प्यायलो. मग ती पासवर्ड टाकायला बसली आणि म्हणाली, "आता काय टाकू? माझ्या लक्षात राहील असं काहीतरी सांगा." मी म्हटलं, मला सांगायचं नाही, मी तिकडे तोंड करते. मी भिंतीकडे तोंड केलं. ती एका बोटाने कळा दाबत राहिली.

सगळं सुरू झाल्यावर मी बाहेरून पुन्हा तोच निरोप पाठवून पाहिला. सर्व्हरने तेवढाच शब्द परत दिला.

निघताना व्यवस्थापक दारापर्यंत आले. मी त्यांना म्हटलं, ॲपवरचे मेसेज दुपारी कोणी उघडत नाही, त्याचं काहीतरी करा. ते म्हणाले, मीटिंगमध्ये घेतो. मी तिथेच उभी राहिले. मग ते म्हणाले, वॉर्डातल्या फोनवर वाजेल असं करता येईल का? मी येईल म्हटलं, आणि परत आत जाऊन ते करून दिलं.

भुसावळच्या स्टँडवर नवरा गाडी घेऊन उभा होता. पाळी बदलून घेतलीच होती त्यांनी. ऊन उतरलं होतं, पण रस्ता अजून तापलेला होता.

"झालं काम?"

"झालं."

गाव मागे पडल्यावर मी त्यांच्या पाठीमागून म्हटलं, "तिला केस होते."

त्यांनी गाडी हळू केली. पुढे एक रसवंती होती, तिथे बाजूला घेतली. आम्ही बाकावर बसलो. रसवाल्याने न विचारता दोन पेले आणून ठेवले.

"तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला नको असेल." पेला हातात धरून ते बोलत होते. "नदीकडे नेलं. पांझरेच्या काठाला. तुझ्या बाबांना जमेना म्हणून मीच खणलं. जमीन फार कडक होती. मला वाटत होतं, खूप खोल करावं, कुत्री असतात तिकडे. बाबा बस म्हणत होते, मी खणतच होतो." त्यांनी पेला बाकावर ठेवला. "टोपडं आणलं होतं मी. ओटीच्या दिवशीच घेतलं होतं, तुला दाखवायचं राहिलं. ते घातलं तिला. मोठं झालं."

ते रडायला लागले. बाजूला ट्रकवाले बसले होते, त्यांनी एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला रडू आलं नाही. हा माणूस पाळीवर जात होता, येत होता, झोपत होता, आणि मला वाटत होतं की आमच्या घरात काही शिल्लक नाही.

"रस प्या," मी म्हटलं. "गरम होईल."

ते प्यायले. मीही प्यायले. रसात आलं होतं, लिंबू होतं. कितीतरी दिवसांनी मला कशाची तरी चव लागली, आणि ती मला आवडली नाही.

सासूबाई महिनाभराने गावी परत गेल्या. जाताना आमच्या दोघांची अंथरुणं उन्हात घालून, झटकून, एकाशेजारी एक रचून गेल्या. दवाखाना अजून आमच्याकडेच आहे. व्यवस्थापक आता काहीही झालं तरी आधी मलाच फोन करतात.

रडू आलं ते पुष्कळ नंतर, ऑफिसात, दिवसाढवळ्या. विशेष काही झालं नव्हतं. कोणत्यातरी पतसंस्थेच्या कुलपाचं सर्टिफिकेट बदलत होते. शेजारच्या मुलीने डबा उघडला आणि मी एकदम हुंदके देऊन रडायला लागले. मला ते थांबवताच येईना. ती घाबरून म्हणाली, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही गं, तू जेव. ती जेवली नाही. तिने डब्याचं झाकण लावलं आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. सर केबिनच्या दारात आले, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि दार हळूच लावून घेतलं. खाली कोणीतरी पितळेच्या घागरीवर नाव कोरून घेत होतं, त्याची टकटक बराच वेळ चालू होती.